एन्टरटेनमेंट : नाही

"हा म्हातारा इथे कशाला कडमडला?"

"आई, हळू बोल," इशिता अहिल्याच्या कानात कुजबुजली. "ओपन हिअरिंग आहे. कोणीही येऊ शकतं."

"कोणीही येत नाही. बोंब मारायलाच येतात."

टाउन हॉलच्या तिसऱ्या रांगेत मोरेश्वरकाका बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात घडी घातलेला कागद. मघाशी कॉरिडॉरमध्ये ते तिच्या शेजारच्या दुकानातल्या पिझ्झावाल्याशी हसून बोलत होते, आणि अहिल्या दिसताच नजर फिरवून आत सटकले होते. तेवढं तिला पुरेसं होतं.

इथे परदेशात, श्रूजबरीच्या शेजारच्या गावात तिचं बारा टेबलांचं रेस्टॉरंट होतं. नवरा गेल्यावर घरच्या डब्यांपासून सुरुवात करून तिने एकटीने उभं केलेलं. पण संध्याकाळी गिऱ्हाईक मेनू चाळायचं, "बीअर नाही?" म्हणायचं आणि शेजारी पिझ्झावाल्याकडे सरकायचं. आज बीअर-वाइनचं लायसन्स मिळालं तर ठीक. नाहीतर ऑक्टोबरात लीज संपली की शटर खाली.

तिच्याकडे नेहमी येणाऱ्या काकांना हे गेल्या आठवड्यात कळलं. "दारू? इथे?" एवढंच म्हणून ते अर्धा चहा टाकून उठले होते. तेव्हापासून संशयाचा किडा वळवळत होता तिच्या डोक्यात.

लायसन्स बोर्डाच्या चेअरबाईंनी विचारलं, "कोणाला बोलायचंय?"

काका उठले. माइकपाशी जाऊन त्यांनी कागद उलगडला.

"बघ, लिहून आणलंय मेल्याने!"

"आई!"

"मी दारू पीत नाही," काका इंग्रजीत वाचू लागले. "मला ती आवडतही नाही. पण या बाईंवर माझा विश्वास आहे. बायको गेल्यावर मी घराबाहेर पडत नव्हतो. यांनी मला शनिवारी रेस्टॉरंटमध्ये भजनाला बोलावलं. चार वर्षं झाली. पेटी, तबला, तीस माणसं. एकदाही पोलीस आले नाहीत. लायसन्स द्या."

अहिल्याच्या मनात आलं, काय काय बोललो आपण या माणसाला!

चेअरबाई मात्र फॉर्म उलटत होत्या. "दर शनिवारी? स्पीकर लावून?"

"अर्थात! मोठे, दोन!" काका अभिमानाने म्हणाले.

"अर्जात लाइव्ह एन्टरटेनमेंटपुढे 'नाही' लिहिलंय."

अहिल्यानेच लिहिलं होतं. भजन म्हणजे एन्टरटेनमेंट, हे तिच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

"मॅडम, हे खरं आहे का?"

इशिताने तिचं मनगट धरलं. "आई, सांग एकदाच झालं होतं. बर्थडे होता. काकांचा गोंधळ झालाय म्हण. एटी टू आहेत ते, पटेल सगळ्यांना. आजच मिळून जाईल, यार."

काका माइकपाशीच उभे होते. काहीतरी बिनसलंय हे त्यांना जाणवलं होतं, काय ते कळत नव्हतं. ते अहिल्याकडे बघत राहिले.

ती उठली. "खरं आहे. ते बोलले ते सगळं खरं आहे. स्पीकर माझे आहेत."

पाच मिनिटांत निकाल लागला. अर्ज पुढे ढकलला. संगीताचं लायसन्स वेगळं काढा, मग दोन्हींचा विचार सप्टेंबरात. तोवर गाणं-बजावणं बंद.

बाहेर पार्किंगमध्ये अजून ऊन होतं. काका गाडीला टेकून तिची वाट बघत होते. "ते शेवटचं भरभर बोलले, मला नीट ऐकू आलं नाही. कसं बोललो मी? तुला सरप्राइज द्यायचं होतं, म्हणून मघाशी तोंड चुकवलं."

"छान बोललात, काका."

"मग काम झालं ना?"

"होईल. सप्टेंबरात परत बोलावलंय."

"तेव्हाही येतो. आणि शनिवारी जरा लवकर येतो, एक नवा अभंग बसवायचाय."

इशिताने तोंड उघडलं. अहिल्याने तिचा हात दाबला.

"या, काका. जेवायलाच या."

काका गाडीत बसले, दोनदा आरसा नीट केला आणि निघाले. डावा इंडिकेटर तसाच चालू राहिला. रस्ता सरळ होता. तो दिवा लुकलुकत वळणापाशी दिसेनासा होईपर्यंत अहिल्या जागची हलली नाही.