साठावं घर

"हे धरता येणार नाही," पाहणीला आलेले साहेब म्हणाले. "भिंत नाही, छप्पर नाही. मोकळी जागा लिहावी लागेल."

अंबूबाई जमीन सारवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचं पत्र्याचं घर जळालं. त्या सांगलीला हळद निवडायला गेल्या होत्या. शेजारच्या शिवांजलीनं धूर पाहून बंबासाठी फोन लावला, तर पलीकडून पहिला प्रश्न आला, "हद्द कुणाची?" नगरपालिका म्हणाली, ओढ्यापलीकडचं सगळं ग्रामपंचायतीचं. ग्रामपंचायत म्हणाली, तुम्ही शहराची वाढीव वस्ती. बंब आलाच नाही. माणसांनी घागरींनी पाणी ओतलं, पण तोवर पत्रे वाकून खाली आले होते. नवरा गेल्यावर अंबूबाईंनी एकेक पत्रा जोडून ते घर उभं केलं होतं.

"साठ घरं भरली तरच वस्ती झोपडपट्टी म्हणून नोंदवता येते," साहेब समजावू लागले. "मग नळ, गटार, सगळं मागता येतं. तुमची एकोणसाठच भरतात."

फौजेतून निवृत्त झालेले मानसिंग पुढं आले. "म्हंजी झोपडपट्टी म्हनून घ्यायलाबी आमी कमी पडतोय व्हय?"

"नियम मी केलेले नाहीत."

"गाव म्हनतंय शहर, शहर म्हनतंय गाव. मतं मागायला मातर दोगंबी येत्यात. बंब आला असता तर आज साठ भरली असती, सायेब. त्ये कुटं लिवनार?"

अंबूबाई उठल्या. कोपरापर्यंत हात शेणानं भरलेले.

"रातच्याला मी हितंच झोपले. सकाळी हितंच भाकरी केली. घर जळलं, मी न्हाई जळले. मला मोजा."

"मावशी, आम्ही माणसं नाही, घरं मोजतोय."

एवढं बोलून साहेब मोबाईलवर फोटो काढायला पुढं झाले. दोन पावलं ओल्या सारवणावर पडली.

"आवं सायेब, बूट भायेर काढा," अंबूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "घरात आलाय तुमी."

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. दार कुठं होतं तेही त्यांना कळेना. क्षणभर ते वाकले, हात बुटाच्या नाडीपर्यंत गेला. तेवढ्यात फोन वाजला. बोलत बोलत ते तसेच सरळ चालत, जिथं भिंत होती तिथून बाहेर पडले.

वस्ती एकोणसाठवरच थांबली. गावात नाही, शहरात नाही, झोपडपट्टीतही नाही. मानसिंग साहेबांची गाडी ओढ्यापार जाईस्तोवर तिच्याकडं बघत उभे राहिले. मग थुंकले आणि घराकडं वळले.

अंबूबाई पुन्हा खाली बसल्या. ओल्या जमिनीवर बुटांचे ठसे खोल उमटले होते. त्यांनी पाण्याचा हबका मारला आणि एकेक ठसा तळहातानं बुजवत त्या कडेपर्यंत सारवत गेल्या.