ज्याच्या नावावर मीटर

आमच्या वीजखात्यात सरळ नियम आहे. मीटरचं सील तुटलेलं सापडलं की कोणी तोडलं हे विचारत बसायचं नाही. मीटर ज्याच्या नावावर, त्याच्यावर केस. विचारायला जावं तर घरमालक भाडेकरूवर ढकलतो आणि भाडेकरू उंदरावर. एकोणीस वर्षं मी घरोघर मीटर तपासत हिंडते आहे, बिचाऱ्या उंदरांवर इतके आळ दुसरीकडे कुठे ऐकले नाहीत. तेव्हा मी संशयी आहे असं नवरा म्हणतो, त्यात खोटं काही नाही.

माझ्या भावाने भाचीला, म्हणजे माझ्या लेकीला, तेराव्या वाढदिवसाला गेमचं मशीन दिलं आणि सोबत एक डिस्क. डबीच्या कोपऱ्यात लाल चौकोन, त्यात अठराचा आकडा. मामाला चष्मा आहे, पण तो आकडा काही मुंगीएवढा नव्हता!

"वर्गात सगळे खेळतात," लेक म्हणाली.

"सगळे म्हणजे कोण? नावं सांग."

तिने दोन सांगितली आणि तिसऱ्याला अडखळली. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"मग मी कधी खेळायचं? अठराची झाल्यावर?"

"आकडा राहू दे. पुढच्या वाढदिवसापर्यंत माझ्याशी एकदाही खोटं बोलली नाहीस, तर मी स्वतः लावून देईन."

"एकदाही?"

"एकदाही."

त्याच दिवसापासून ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज झोपायच्या आधी हिरव्या पेनाने एक टिंब देऊ लागली. खरं बोलल्याचं टिंब. मी मात्र मशीन आणि डिस्क कपाटात ठेवली, दोन्ही मुठींतून तार ओवली आणि कामावरच्या पकडीने शिशाचं सील दाबून टाकलं. नवरा हसला. "घरात धाड घालणार आहेस का?" तो लांब पल्ल्याची बस चालवतो, दोन दिवस बाहेर आणि दोन दिवस घरी. त्याला हसायला काय जातं.

दोन महिने टिंबं पडत राहिली. मग एका गुरुवारी कामावरून आले तर सील खाली लोंबत होतं, तार कापलेली. नवरा पहाटेच ड्यूटीवर गेला होता. मी लेकीला समोर उभं केलं.

"कोणी तोडलं?"

"मी नाही."

"मशीन कोणाचं आहे?"

"माझं. पण मी नाही तोडलं."

"मग काय उंदराने तोडलं?"

"आई, खरंच मी नाही गं."

ती रडली नाही, तेही मला खटकलं. मी अर्धा तास तिला सोडलं नाही. शेवटी ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हो. मीच तोडलं."

मला हायसं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं खरं. बघा, बरोबर पकडलं की नाही! मी नवं सील ठोकलं. रात्री तिने कॅलेंडरवर टिंब दिलं नाही. चोरी पकडली गेल्यावर कुठल्या तोंडाने देणार, असं मी मनात म्हटलं.

शनिवारी आमचं काम दुपारीच आटोपलं. लेक शाळेत होती. दार उघडते तर आतून धडाधड गोळ्यांचे आवाज. नवरा सतरंजीवर मांडी घालून, नाकावर चष्मा, हातात रिमोट. शेजारी नखं कापायचं यंत्र आणि माझं नवंकोरं सील, कापलेलं.

"हे काय?"

"अगं, म्हटलं आधी बघू तरी काय आहे ते. बुधवारी थोडं बघितलं, आज उरलेलं. तू तर न बघताच नाही म्हणालीस. आता मीही नाहीच म्हणतो, फार रक्त आहे यात."

"आणि सील?"

"ते तिच्यासाठी होतं ना? मी काय लहान आहे?"

मी जोडे न काढताच खुर्चीत बसले. त्याला वाटलं मी त्याच्यावर चिडले.

लेक शाळेतून आली, दप्तर टेकवलं, बापाकडे पाहिलं, कापलेल्या सीलकडे पाहिलं.

"खोटं का बोललीस माझ्याशी?" मी विचारलं. आवाज माझाच चोरट्यासारखा निघाला.

"आधी खरंच बोलत होते. कितीदा बोलले. तुला पटेना. मग खोटं बोलले, ते लगेच पटलं."

मी उठून कॅलेंडरपाशी गेले. सील बुधवारी तुटलं होतं. बुधवारी टिंब होतं. गुरुवारचा चौकोन तेवढा कोरा, शुक्रवारी पुन्हा टिंब.

"त्या दिवशी खोटं बोलले ना," लेक मागून म्हणाली. "मग कसं देणार?"