अर्धा इंच माया

ऑपरेशननंतर टेलरमास्तरांच्या पोटावर, बेंबीच्या उजव्या अंगाला, आतड्याचं लालचुटुक तोंड बाहेर आलं. त्याभोवती मधे भोक कापलेली चकती चिकटवायची, चकतीला मळ साठवायची पिशवी लावायची. मास्तरांनी त्याचं नाव ठेवलं मेहुणा. न विचारता मुक्कामाला आला आणि जायचं नाव घेत नाही म्हणून.

पण पिशवी गळायला लागली. आठवड्यात तीनदा. तिसऱ्यांदा तर कापायच्या टेबलावर, एका वकिलाच्या कोटाच्या कापडावर. मुलगी देखभालीला आली होती. तिने निकालच दिला.

"बाबा, बास झालं. दुकानाला कुलूप लावा. रविवारी माझ्याकडे यायचं."

"तुझ्याकडे येऊन काय करू? खिडकीत बसून येणारीजाणारी माणसं मोजू?"

"मोजा. पण कोरड्या कपड्यांत मोजा."

मास्तर मनातून हबकले. बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. मशीन होतं म्हणून दिवस ढकलले जात होते.

गुरुवारी दोघं दवाखान्यात सिस्टरकडे गेली. "माझ्यासमोर चकती कापून दाखवा," सिस्टर म्हणाली. मास्तरांनी खिशातून खडू काढला, एका फटक्यात गोल आखला आणि कात्री फिरवली. कात्री रेषेवरून केसभर हलली नाही. मास्तरांनी ऐटीत चकती पुढे केली.

सिस्टरने ती पोटावर धरली. मेहुणा मधोमध, आणि चारी बाजूंनी बोटभर कातडी उघडी.

"काका, हे भोक आहे की विहीर?"

"अर्धा इंच माया ठेवलीय. शिवणीत जादा कापड ठेवतोच आम्ही. उद्या गडी अंगाने भरला तर?"

"अहो, तो भरत नाही, आकसतो! दर आठवड्याला मोजायचा आणि दोरा जाईल एवढीच फट ठेवायची. उघड्या कातडीवरून सगळं चकतीखाली शिरतंय."

मुलगी तोंड दाबून हसत होती. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. चाळीस वर्षांत त्यांच्या कापणीत चूक काढणारी एकच बाई होती. ती असती तर पहिल्याच दिवशी कात्री हिसकावून घेतली असती. त्यांनी नाक शिंकरलं आणि दुसरी चकती मागितली.

रविवार उजाडला. चकती तीन दिवस जागची हलली नव्हती, तरी मुलीने दोघांच्या बॅगा भरून दुकानात आणून ठेवल्या. तेवढ्यात वकील आला. नव्या कापडासाठी मास्तर त्याच्या छातीला टेप लावताहेत, तोच पिशवीतून असा लांबलचक आवाज निघाला की वकिलाने मान वळवून पाहिलं.

मास्तरांनी पापणीही लववली नाही. "ही आमची मुलगी. गावाला निघालीय. पोटात जरा गडबड आहे बिचारीच्या."

"बाबा!"

"छाती अडतीस. लिहून घे."

तिने बापाकडे रोखून पाहिलं. मग वही ओढली, अडतीस लिहिलं आणि बापाची बॅग आतल्या खोलीत नेऊन आपटली.

"संध्याकाळच्या गाडीने मी एकटी जातेय," ती आतूनच ओरडली. "आणि वकीलसाहेब, माझं पोट ठणठणीत आहे!"