आबांनी घालवलेली लाईट

उचगावात लाईट गेली की लोकांच्या तोंडात पहिलं नाव यायचं ते आकाराम लाईनमनचं. "आकाराम, कुठं घालवलीस लाईट?" पावसात खांबावर चढलेला माणूस वरूनच सांगायचा, "येतीय, येतीय." उभी नोकरी अशी बोलणी खाण्यात गेली. रिटायर झाल्यावरही शेजारचा बाळासो चहाला आला आणि दिवा नुसता मिचकला, की तीच हाक. चेष्टाच ती, पण आकारामआबांना लागायची.

आणि नशीब बघा, त्यांची पोरगी वर्षाराणी निघाली ती लाईट जायची वाट बघणारी.

जगभरच्या माणसांनी मिळून एक ऑपरेटिंग सिस्टीम बांधलीय. कॉम्प्युटर जिच्या जिवावर चालतो ती. मालक कुणी नाही. फुकट घ्या, आत काय आहे ते उघडून बघा, चुकलं असेल तर दुरुस्त करा. गावजत्रेसारखंच, ज्यानं त्यानं आपापलं काम उचललेलं. वर्षाराणीनं उचललेलं काम असं, की नवी आवृत्ती बाहेर पडायच्या आधी ती माडीवरच्या जुन्या मशिनींवर चालवायची आणि लाईट गेल्यावर फायली शाबूत राहतात का ते बघायचं. परदेशातली माणसं बटण दाबून वीज तोडतात, झालं काम. उचगावची लाईट तशी सरळ कुठली जायला! ती जाते, येते, मिचकते, परत जाते. तिकडं न सापडलेले दोष इकडं सापडायचे, म्हणून हिच्या होकाराशिवाय आवृत्ती सुटत नसे. गावच्या दूध संस्थेचा कॉम्प्युटरही त्याच सिस्टीमवर चालायचा.

यंदा नवी आवृत्ती तपासायला लावून ती मावसबहिणीच्या लग्नाला गडहिंग्लजला गेली. हळदीच्या गडबडीत मोबाईलवर निकाल आला, एकही फाईल खराब नाही. पोरगी खूश झाली आणि मांडवातूनच होकार कळवून मोकळी झाली.

लग्न उरकून एसटीनं घरी आली, तर जिन्याखाली नवाकोरा इन्व्हर्टर. बॅटरीला हळदकुंकू लावलेलं आणि आबांचं तोंड फुललेलं. तुझ्या मशिनी सारख्या बंद पडायच्या, मला बघवत नव्हतं, म्हणाले. तू गेलीस त्याच दिवशी बसवला, फक्त माडीसाठी. लाईट दहादा गेली असंल, पण माडीवर पत्ताच नाही.

वर्षाराणीच्या ध्यानात आलं. म्हणजे मशिनी एकदाही बंद पडल्या नव्हत्या. परीक्षा झालीच नव्हती आणि हिनं पास म्हणून सांगितलं होतं. ती तशीच वर गेली आणि आधी होकार मागं घेतला.

नवी आवृत्ती सोडायचं काम पोलंडच्या मारेककडं होतं. त्यानं शांतपणे विचारलं, आज संध्याकाळी सोडायचं ठरलंय, बाकी सगळीकडं ठीक आहे, तुला दोष सापडला का? नाही, तिनं लिहिलं, मी शोधलाच नाही. लिहिताना मान खाली गेली, पण लिहिलं. त्यानं संध्याकाळपर्यंत वेळ दिला.

आता आबांना सांगणं आलं. ती खाली जाऊन त्यांच्याजवळ बसली.

"आबा, माडीवरची लाईट जायला पाहिजे. माझं कामच ते हाय."

आबांनी बॅटरीकडं बघितलं. "जन्मभर लाईट जाऊ नये म्हणून खांबावर चढलो," ते म्हणाले. "आन् माझ्याच घरात ती जाऊ दे म्हणतीस?"

तिला रडू येत होतं. इतक्या मायेनं केलेलं आपणच मोडायला निघालो, याचंच वाईट वाटत होतं. "तुमी चढलासा, तरी ती जायचीच की," ती म्हणाली. "गेल्यावर कुणाचं काय पुसलं जाऊ नये, एवढंच मी बघते."

आबा उठले. पक्कड आणली आणि माडीची लाईन इन्व्हर्टरवरून सोडवून दिली.

पण लाईट कसली जातेय! एरवी दिवसातून चारदा तोंड लपवणारी बया त्या दिवशी लख्ख. वर्षाराणी लाईट जावी म्हणून देव पाण्यात घालून बसली. दुपार कलली. शेवटी ती मेन स्विचकडं जायला उठली, तर आबा जिन्यात उभे.

"तू बस मशिनीफुडं. कसं करायचं तेवढं सांग."

बंद करा, लगेच चालू, मिचकवा, परत बंद, तिनं सांगितलं. आबा मेन स्विचच्या खटक्याजवळ गेले. मग त्यांनी तो खाली ओढला. चालू, बंद, परत चालू. मशिनी पडायच्या, उठायच्या, फायली शाबूत. पुन्हा तेच. ऊन भिंतीवर चढलं तशी एक मशीन उठली, आणि तिच्यातली एक फाईल नावाला होती, आत काहीच नव्हतं.

तिनं ते जसंच्या तसं मारेकला पाठवलं. उत्तर लगेच आलं: आवृत्ती थांबवली. त्या रिकाम्या फायलीकडं बघून वर्षाराणीचा जीव भांड्यात पडला.

"सापडलं, आबा," तिनं वरून सांगितलं. "अजून एकदा करा, परत तसंच होतंय का बघते."

खाली पुढच्या सोप्यात बाळासो नुकताच येऊन टीव्हीवर कुस्ती बघत बसलेला. पैलवानानं पट काढून गडी पाडायला आणि पडदा काळा व्हायला एकच गाठ. सवयीनं त्यानं हाक मारली, "आकाराम, कुठं घालवलीस लाईट?"

"मीच घालवलीया," आबा खटक्यावरचा हात न काढता म्हणाले. "बस गप. पोरीचं काम चाललंय."