रहीममामांच्या फाइलमधली उभी रेघ

सायमाचे लग्न झाले त्या वर्षी, म्हणजे २०१९ साली, तिच्या वडिलांच्या, म्हणजे रहीममामांच्या, खुटबावच्या दुकानात कॉम्प्युटर आला. मित्रांनो, त्याच्या पडद्यावर लुकलुकणारी मी एक जुनी उभी रेघ आहे. उघड्या फाइलमध्ये मी जिथे असेन तिथेच अक्षर उमटते.

रहीममामा विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तांब्याची तार भरत. जुनी तार काढताना तिचे वेढे मोजून लिहावे लागत. तार भंगारात गेली की आकडा पुन्हा कळत नसे. मामा चाळिशीनंतर लिहायला शिकलेले. आकडे आधी पेन्सिलीने भिंतीवर लिहीत, मग सवडीने माझ्याकडे येत. ती पेन्सिल त्यांच्या कानावर बसे. मला मात्र ते बटणांनी ढकलत. माझा जळफळाट होई.

२०२२ च्या रमजान ईदेआधी त्यांच्या पत्नी नूरबींनी भिंतीला चुना लावायला घेतला.

"आकडं उतरवलं का?" त्यांनी आधी विचारले.

"व्हय. आता भिंत कशाला? ही रेघ हाय की."

मी हरखले.

हौशीराम नावाची दोन गिऱ्हाइके होती. घोळ नको म्हणून मामांनी मला वर नेले आणि एका नावापुढे 'वडगाव रासाई' घातले. पण जुने पुसून लिहिण्याचे बटण चुकून दाबले गेले होते. एकेक नवे अक्षर पुढचे अक्षर खात गेले; नावापुढचा वेढ्यांचा आकडाही गेला. मामांची नजर बटणांवर. फाइल जतन करून त्यांनी बंद केली. मला बोलता येत नाही. पण आले असते तरी मी गप्प बसले असते. चूक कळली तर ते पुन्हा पेन्सिलीकडे गेले असते.

चार दिवसांनी वडगाव रासाईचे हौशीराम आप्पा आले. "रहीमभाई, मोटार कवा देताय? दोन एकर दोडका वाळाय लागलाय."

मामांनी फाइल उघडली. आकडा नव्हता. ते नखांनी चुना खरवडू लागले.

"अब्बा, रेघ कुठं हाय ते बघितलं न्हाई व्हय?" दुसरी मुलगी अल्फिया म्हणाली.

मामांनी अंदाजाने तार भरली. तिसऱ्या दिवशी मोटार जळाली, दोडका गेला.

"भाई, तुमच्या हातची मोटार कवा जळली न्हवती," आप्पा एवढेच म्हणाले.

मित्रांनो, लिहिण्याआधी माझी जागा बघा आणि एक नक्कल दुसरीकडे ठेवा, पेन्सिलीची का असेना. मामांनी ती फाइल पुन्हा उघडली नाही.

रहीममामा ११ नोव्हेंबर २०२४ रोजी, सोमवारी, दौंडच्या दवाखान्यात वारले.