पालथा आरसा

मित्रांनो, खणातल्या अंधारात पालथा पडलेला एक जुना हातआरसा तुमच्याशी बोलतो आहे. मी गोल आहे, माझी मूठ लाकडी आहे आणि माझ्या काचेला वरपासून खालपर्यंत तडा गेलेला आहे. त्या तड्याचीच गोष्ट तुम्हांला सांगायची आहे. पण तड्याआधीही मला आयुष्य होतं बरं का!

एका कारागिराने मोठ्या काचेतून मला कापून काढलं, पाठीवर चकचकीत मुलामा दिला आणि मूठ बसवली. तिथून मी एका सलूनमध्ये आलो. केस कापून झाले की सलूनवाले काका मला गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे धरत. भिंतीवरच्या मोठ्या आरशात माणसाला आपला चेहरा दिसे आणि माझ्यामुळे मान. एक टकले गृहस्थ दर खेपेला म्हणत, "अहो, मागचं काय दाखवता? आधी पुढचं शोधून द्या!" सगळं दुकान हसे. माणसाला स्वतःची जी बाजू कधीच दिसत नाही, ती मी दाखवायचो. त्याचा मला थोडा गर्वही होता, खोटं कशाला बोलू?

पुढे काकांचा हात थरथरू लागला. कात्री खाली ठेवावी लागली, दुकान बंद झालं, मोठे आरसे विकले गेले. मला मात्र त्यांनी लेकीच्या बॅगेत ठेवलं. ती लग्न करून दूरच्या शहरात निघाली होती.

"बाबा, तिकडे काय आरसे मिळत नाहीत?" ती म्हणाली.

"मिळतात गं. पण तिकडे तुझ्या मागे उभं राहायला कुणी नसेल. हा असू दे."

काका म्हणाले ते खरंच झालं. तिचा नवरा जहाजावर नोकरीला होता. तो गेला की घरात ती आणि तिची पुस्तकं. मी कपाटाच्या कोपऱ्यात धूळ खात होतो. आठवड्यात कुणी एकदाही माझ्यात डोकावत नसे. ज्याच्यात कुणी बघत नाही त्या आरशात काय असतं, ठाऊक आहे का? समोरची भिंत. मी भिंत बघत दिवस काढले.

मग तिला मुलगी झाली. दिवस भरण्याआधीच झाली, इतकी इवलीशी की आई तिला 'मुंगी' म्हणू लागली. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच दिवशी आईने कपाट उघडलं, मला पदराने पुसलं आणि मुंगीच्या नाकाशी धरलं. माझ्या काचेवर वाफेचा एक ठिपका उमटला आणि विरला. आईचा जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून माझं तेच काम. मुंगी झोपली की मी तिच्या नाकाशी. ठिपका उमटला की आईचा रोखलेला श्वास सुटायचा. पण मला खाली ठेवते न ठेवते तोच पुन्हा शंका. 'आत्ता होता, पण आत्ता?' की पुन्हा मी हजर! तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. ताट वाढलेलं तसंच राहायचं.

जहाजावरून फोन यायचा. "जेवलीस का? झोपतेस ना?"

"हो रे, अगदी पोटभर. आणि घोरते सुद्धा!"

तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मी बघत होतो. पण फोनला कुठे दिसतं?

एक दिवस डॉक्टरीणबाई स्पष्टच बोलल्या. "तुम्ही झोपला नाहीत, जेवला नाहीत, तर दूध आटेल. आटायला लागलंच आहे. या मुलीचं वजन वाढायला हवं असेल, तर आधी तुम्ही डोळे मिटा." हे ऐकून आईला झोप यायची ती उलट आणखीच उडाली.

आणि मग ती दुपार आली. आई खुर्चीत बसल्या बसल्या पेंगली होती. मी खिडकीच्या कट्ट्यावर होतो. ऊन सरकत सरकत माझ्यावर आलं आणि माझी काच चांगलीच तापली. इतक्यात आई दचकून उठली. तिने मला उचललं, मुंगीच्या नाकाशी धरलं. ठिपका उमटलाच नाही. मित्रांनो, तापलेल्या काचेवर वाफ धरत नाही. मुंगीचा इवलासा श्वास मला लागत होता, पण ते तिला सांगू कसं? मला तोंड कुठे आहे?

"देवा!" आई किंचाळली. मी हातातून निसटून फरशीवर आपटलो. हा तडा तेव्हाचा.

त्या आवाजाने मुंगी जागी झाली आणि तिने असा काही टाहो फोडला की समोरच्या दारातल्या मावशी कणकेने भरल्या हातांनीच धावत आल्या. मावशी पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या. आता एकट्याच राहत.

"काय झालं गं?"

"श्वास… आरशात श्वास आला नाही, मावशी!"

"अगं वेडे, मग हा भोंगा कोण वाजवतंय?"

आई हसायला गेली आणि रडायलाच लागली. मावशींनी हात पुसून मुंगीला खांद्यावर घेतलं. "हा आरसा बघतो म्हणून ती श्वास घेते, असं वाटतं का तुला?"

"मी बघितलं नाही तर कोण बघेल?"

"तू डोळे मिटलेस म्हणजे देवाने मिटले असं नसतं गं."

"तुमचा विश्वास आहे. मला नाही जमत."

"मला तरी रोज कुठे जमतं? मलाही भीती वाटते." मावशी खाली बसल्या. "पण दवाखान्यात आमची ड्यूटी संपली ना, की आम्ही पुढच्या सिस्टरला सगळं सांगायचो. ताप किती, काय घेतलं, कशी झोपली. आणि घरी जायचो. पेशंट काही उरावर घेऊन जात नव्हतो. तसं सांग त्याला. देवाला ड्यूटी देताना लाजायचं काय?"

मावशी गेल्या. मुंगी पुन्हा झोपली. आईने मला उचललं. वाटलं, आता पुन्हा नाकाशी. पण तिने मला मेजावर पालथं ठेवलं. मग हळू आवाजात, सवय नसलेल्या माणसासारखी, ती बोलू लागली. "मुंगी झोपली आहे. दूध थोडंच प्यायली. अंग गरम नाही. मला अजून भीती वाटते आहे, तेही सांगते. पण माझी ड्यूटी संपली. आता तुझी."

आणि ती आडवी झाली.

मित्रांनो, पालथ्या आरशाला काही दिसत नाही. खालचं लाकूड आणि काळोख. मुंगीचा श्वास चालू आहे का? मलाही कळायला मार्ग नव्हता. इतका एकटा मी कपाटातही नव्हतो. तेव्हा आईने म्हटलेलं मीही मनात म्हणून पाहिलं: आता तुझी.

संध्याकाळी मुंगीच्या रडण्याने काळोखाला जाग आली. आईने मला सरळ केलं. तिचे डोळे झोपेने सुजलेले होते आणि पोलक्याचा पुढचा भाग दुधाने ओलाचिंब झाला होता. ती त्या ओल्या डागाकडे बघतच राहिली.

त्यानंतर मुंगी आजारी पडलीच नाही, असं मी म्हणणार नाही. पुष्कळदा पडली. आई पुष्कळदा घाबरली. पण दर वेळी ती मुंगीची सगळी हकीकत वर सांगायची आणि मग झोपायची. मी मात्र पालथाच राहिलो. पुढे मेजावरून खणात आलो. मुंगीचे दात पडले तेव्हा तिने एकदा मला शोधून काढलं आणि तड्यात दोन तोंडं करून दाखवली. "आई, फुटका आरसा कशाला ठेवलाय गं?" आई म्हणाली, "राहू दे. त्याने खूप जागरण केलंय."

आता मुंगी मोठी होऊन दूर गेली. खण क्वचितच उघडतो. एकटं वाटतं, नाही असं नाही.

मित्रांनो, तुम्ही गाढ झोपेत असताना तुमच्याही नाकाशी कुणी तरी हात धरून बसलं असेल. जी कुणी असेल तिला एकदा म्हणा, "आता तू झोप." आणि तुमच्या घरातल्या खणात माझ्यासारखा कुणी सापडला, तर लगेच टाकून देऊ नका. त्याच्यावर एक 'हा' करा, वाफेचा ठिपका उमटलेला आणि विरलेला बघा, बाहीने पुसा. मग खुशाल पुन्हा पालथा ठेवा. काळोखात कसं राहायचं, ते त्याला ठाऊक असतं.