सडलेली बादली

सुनेने खताच्या बादलीचं झाकण काढलं आणि झटकन मान मागे घेतली. भाजीच्या देठांवर पांढरी बुरशी धरायला हवी होती, तिथे काळी-हिरवी लव माजली होती. सलग तिसऱ्यांदा! विरजण लावलेला कोंडा दर थरावर भुरभुरायचा, तळहाताने दाबायचा, झाकण घट्ट बसवायचं. तिने सगळं केलं होतं. पण आत हवा शिरली की पुन्हा मुसळ केरात. आंबायच्या ऐवजी सगळं सडतं.

“आता टाक ती,” नवरा दारातून नाक धरून म्हणाला. “मागच्या वेळी काय ठरलं होतं आपलं?”

ठरलं होतं खरं. पुन्हा घाण सुटली तर बादली जायची, आणि तिच्यापाठोपाठ घरामागची बागही. तिथली माती म्हणजे नुसता विटांचा चुरा. खताशिवाय गवतसुद्धा उगवायला तयार नव्हतं. सुनेला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच जास्त संताप होत होता.

“कोणीतरी झाकण उघडतंय.”

“हो, भुतं येतात तुझी देठं खायला.”

“उद्या सकाळी टाकते मीच,” ती म्हणाली आणि झाकण आपटून लावलं.

सकाळी ती मागच्या दाराशी आली, तर सासरे बादलीपाशी उकिडवे बसलेले. झाकण मांडीवर, तोंड जवळजवळ बादलीत. जन्मभर खाणावळीत आचारी असलेला माणूस. घरातली चूलही त्यांचीच होती. पण हिवाळ्यातल्या तापानंतर त्यांनी ‘कंटाळा आला’ म्हणून जी पळी खाली ठेवली, ती पुन्हा उचलली नाही. म्हातारा रुसला, असं धरून सगळ्यांचा स्वयंपाक हिने गळ्यात घेतला होता.

“बाबा! म्हणजे तुम्ही? तिन्ही वेळा वाटोळं केलंत माझं!”

सासऱ्यांनी घाईने झाकण लावायला घेतलं. ते तिरकंच बसलं.

“तुम्ही दोघं नाक धरता ना, म्हणून रोज बघतो. एवढी घाण, कधीतरी येईल मलाही.”

“काय येईल?”

“वास गं. तापापासून काहीच येत नाही. कांदा करपला तरी कळेना. मग काय सांगणार? कंटाळा आला म्हटलं.”

तिचा राग गेला नव्हता. तीन बादल्यांचा राग असा चुटकीसरशी जातो थोडाच. ती धपकन पायरीवर बसली.

सासरे तिरक्या झाकणाची कड चाचपत राहिले. मग हळूच म्हणाले,

“कसा येतो गं? नीट सांग ना.”

तिने झाकण काढून बाजूला ठेवलं आणि नाक न धरता बादलीत वाकली.

“आधी आंबट,” ती म्हणाली. “थांबा, अजून बघते.”